बाहेर लावू की!

वहिनीचा फोन आला तेव्हा टोकियोत रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणजे पुण्यात आठ. "अगं, तुझ्या दादाने गाडी बुक केली," ती म्हणाली. आवाजात आनंद होता की तक्रार, ते पटकन कळेना. तिला खराडीत नोकरी लागली आहे. दादाचं ऑफिस हिंजवडीत, घर कोथरूडला. सकाळी एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. तेव्हा एका गाडीत आता भागत नाही, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. ठरलं असं की नवी एसयूव्ही दादा चालवणार, सात वर्षांची हॅचबॅक वहिनीकडे येणार आणि अ‍ॅक्टिव्हा बाबांना मंडईत जायला राहणार. सोसायटीत फ्लॅटमागे पार्किंग एकच. म्हणून मी विचारलं, "मग दुसरी लावणार कुठे?"

मागून दादाचा आवाज आला, "बाहेर लावू की! सगळेच लावतात."

मला जपानमध्ये बारा वर्षं झाली. हा 'बाहेर' मला अजून जपानीत सांगता आलेला नाही. गाडी एक तर घराच्या आवारात असते, नाही तर भाड्याने घेतलेल्या जागेत. तिसरी जागा नाही. १९६२ च्या कायद्याने गाडी घेणाऱ्याला आधी जागा दाखवावी लागते. घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत, गाडी पूर्ण मावेल अशी, आणि जी वापरायचा हक्क तुमच्याकडे आहे असं सिद्ध करता येईल अशी. पोलीस ठाण्यातून तसा दाखला मिळतो, त्याला 'शाको शोमेइ' म्हणतात. तो नसेल तर गाडीची नोंदणी होत नाही.

आपल्याकडे सध्या वाद पेटलाय तो याच दाखल्यावरून. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केलं की पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करणार नाही. त्याआधी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, एका फ्लॅटवाल्या कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत, अशा अर्थाचं मत एका सुनावणीत मांडलं होतं. आमच्या घरच्या ग्रुपवर यावर दोन तट आहेत. काका म्हणतात, जपानसारखा कायदा आणा, एका घराला एक गाडी पुरे. दादा म्हणतो, आधी जपानसारखी ट्रेन आणा, मग बोला. दोघेही जपानचं नाव घेतात आणि मग 'तूच सांग' म्हणून मला टॅग करतात.

मी सांगते ते दोघांनाही आवडत नाही.

आमची पहिली सहा वर्षं तोयामात गेली. जपानी समुद्राच्या बाजूचं शहर, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. शहराच्या मध्यात ट्राम उत्तम चालते, पण आमचं घर ट्रामपासून लांब, आणि बस तासाला एक. आल्या आल्या आम्ही एकच गाडी घेतली, पुण्याच्या सवयीने. दाखल्याचे कागद डीलर पैसे घेऊन करून देतो, पण ते पैसे वाचवायचे म्हणून आम्हीच करायचं ठरवलं. एक नकाशा लागतो, घरापासून जागेपर्यंतचा. दुसरा लागतो खुद्द जागेचा, लांबी-रुंदी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी घालून. मी टेप धरली, नवऱ्याने आकडे लिहिले. जागामालक आजोबा छत्री घेऊन शेजारी उभे होते. आमची टेप वाकडी लागली की नुसतं 'हं' म्हणायचे. रस्ता मोजताना मी टेपचं टोक पलीकडे नेऊन धरलं, तर आजोबा स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, कोणी येतंय का बघायला. मग त्यांनी संमतिपत्रावर शिक्का मारला. ठाण्यातल्या बाईंनी नकाशावरची एक रेघ पट्टीने पुन्हा मारून घ्यायला लावली. आठवड्याने दाखला मिळाला.

त्यानंतरचा हिवाळा मी विसरणार नाही. नवरा सकाळी सातला गाडी घेऊन जायचा. लेक आठ महिन्यांची. दवाखाना चार किलोमीटरवर, दुकान दोन किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला ढकललेल्या बर्फाने फूटपाथ गडप. तीन महिने मी दिवसा घराबाहेर पडले ती मोजून आठ-दहा वेळा. नवऱ्याची काही चूक नव्हती. गाडी एक, आणि पगार आणणाऱ्याला ती लागणारच, हे मीही धरूनच चालले होते. 'आम्ही एका गाडीत भागवतो' असं कौतुकाने सांगणारं घर दिसलं की मी आता आधी विचारते, मग घरी कोण बसतं?

पुढच्या मार्चमध्ये आम्ही दुसरी गाडी घेतली. केइ, म्हणजे पिवळ्या पाटीची छोटी गाडी. ६६० सीसीचं इंजिन, लांबी तीन मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आत. दुसऱ्या जागेचं भाडं आजोबांनी किरकोळ लावलं. तोयामात हे अगदी सरसकट आहे. तिथे घरामागे सरासरी दीडाहून जास्त गाड्या आहेत, शेजारच्या फुकुईत तर १.७ च्या आसपास. टोकियोत हाच आकडा ०.४ च्या घरात. म्हणजे दोनाहून अधिक घरांमागे एक गाडी. कायदा तिन्ही ठिकाणी तोच, ठाण्यातला दाखला तोच, नकाशाही तसाच काढायचा. त्यामुळे काकांना मी सांगितलं की या कायद्याने गाड्या कमी होत नाहीत. रस्त्यावरून हलतात एवढंच. मोकळी जागा आणि पैसा असेल तर माणूस चार गाड्या ठेवतो, आणि कायदा त्याला अडवत नाही.

दादाला हे ऐकून उकळ्या फुटल्या. त्याला पुढचं सांगायचं राहिलं होतं.

लेक शाळेच्या वयाची झाली तेव्हा नवऱ्याची बदली टोकियोला झाली. केइ विकली, मोठी गाडी बरोबर आणली. पुन्हा टेप, पुन्हा नकाशा. यावेळी जागेचं भाडं महिन्याला बावीस हजार येन, म्हणजे साधारण बारा-तेरा हजार रुपये. घरभाड्यात धरलेलं नाही, वेगळं. दर महिन्याला खात्यातून वेगळी ओळ होऊन जाणारं. पुण्यात फ्लॅट घेताना पार्किंगचे पैसे एकदाच त्या मोठ्या रकमेत विरघळून जातात आणि नंतर आयुष्यभर पार्किंग 'फुकट' वाटतं. इथे तो आकडा महिन्याला डोळ्यांत खुपतो. त्यात मे महिन्यात वाहनकराचं पाकीट येतं, आणि दर दोन वर्षांनी 'शाकेन', म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी. त्यात लाखभर येन सहज जातात. नवरा ऑफिसला ट्रेनने जाई, लेक शाळेत चालत जाई, मी दोन स्टेशनं पलीकडे कामाला. सोमवार ते शुक्रवार गाडी जागेवर झोपलेली. शाकेनचं पत्र आलं त्या रविवारी आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो आणि वर्षभरात गाडी किती दिवस हलली ते मोजलं. एकेचाळीस. त्यातले सहा दिवस ती नुसती धुवायला नेली होती.

विकली. आता लागली तर कोपऱ्यावरच्या शेअरिंगच्या गाडीतून जातो, पंधरा मिनिटांच्या हिशोबाने पैसे. पाऊस असेल तर सायकलवर हाल होतात, हेही सांगते. 'मामाचारी' नावाची मुलांच्या सीटची सायकल आहे. तिच्यावरून मी लेकीसकट एकदा भर चौकात आडवी झाले आहे. आई इथे आली होती तेव्हा तिच्या गुडघ्यांना स्टेशनातले जिने झेपेनात, आणि दर वेळी लिफ्ट शोधत फिरण्यात तिची अर्धी हौस फिटली. बिनगाडीचं आयुष्य धडधाकट माणसाला स्वस्त पडतं.

तेव्हा दादाचं 'आधी ट्रेन' हे निम्मं खरं. गाडी सुटते ती ट्रेनमुळे, पण सोडायचा विचार मनात येतो तो जागेच्या भाड्यामुळे. नुसत्या ट्रेनने आम्ही गाडी विकली नसती. ती फुकट उभी राहत असती तर अजून उभी असती.

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. जपानने हा कायदा केला १९६२ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या दोन वर्षं आधी. तेव्हा बहुतेक घरांकडे गाडीच नव्हती. कोणाच्या हातातलं काही काढून घ्यावं लागलं नाही. लोकांनी गाडी घ्यायला सुरुवात केली ती जागा धरूनच. पुण्यात २०१८ मध्येच नोंदणीकृत वाहनांनी ३६ लाखांचा आकडा ओलांडला आणि वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली अशा बातम्या आल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं, सुरुवातीला मोजक्या रस्त्यांवर पैसे घेऊन गाडी लावू द्यायची एवढंच. त्यावर जो गहजब झाला, त्याने ते कागदावरच राहिलं. आता थेट नोंदणीलाच दाखला मागायचा, म्हणजे चौथी न शिकवता दहावीचा पेपर.

आणि दाखला देणार कोण? इथे जागामालक शिक्का मारतो, कारण जागा त्याची असते. आपल्याकडे जागा कोणाची यावरच निम्म्या सोसायट्यांची भांडणं आहेत. बिल्डरला स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग वेगळं विकता येणार नाही, ती सामायिक जागा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. तरी आमच्या सोसायटीत 'मी पैसे मोजलेत' म्हणणारे आहेत, आणि भिंतीवर नंबर रंगवून घेतलेलेही आहेत. उद्या दाखल्यावर सेक्रेटरीची सही लागली तर त्या सहीला काय भाव येईल ते सांगायला नको. शिवाय नियम महानगरांपुरता राहिला तर सातारच्या मामाच्या पत्त्यावर गाड्या निघतील आणि कोथरूडात एमएच-११ च्या पाट्या वाढतील. जपानी माणूस यात मागे नाही हं. खोट्या पत्त्याची जागा दाखवून नोंदणी करण्याला इथे खास शब्द आहे, 'शाको तोबाशी'. तो गुन्हा आहे, आणि तरी होतो.

मला विचाराल तर दाखल्याची नक्कल करण्याआधी त्या कायद्यातलं दुसरं, कमी बोललं जाणारं कलम घ्यावं. रस्त्यावर एकाच जागी सलग बारा तास किंवा रात्री सलग आठ तास गाडी ठेवता येत नाही. ठेवली तर शिक्षा आहे. दाखला गाडी घेताना किंवा घर बदलताना लागतो, रात्र मात्र रोज येते. शिवाय २००६ पासून हिरव्या गणवेशातले खासगी निरीक्षक गल्लीबोळांतून पायी फिरून चुकीच्या जागी उभ्या गाड्यांचे फोटो काढतात. पुण्यात सगळीकडे एकदम हे जमणार नाही. पेठांतल्या वाड्यांना पार्किंग होतंच कुठे? पण कोथरूड-बाणेरच्या एकेका रस्त्यापासून सुरुवात करून, रात्री उभ्या गाडीचे महिन्याचे पैसे घ्यायचे, आणि ते पैसे त्याच रस्त्याच्या फूटपाथवर आणि स्टेशनपर्यंतच्या बसवर खर्च झालेले दिसायचे. एवढं झालं तर घरोघर कॅलेंडर काढून दिवस मोजले जातील. सक्ती न करताही.

फूटपाथ म्हटलं की पुन्हा वहिनीकडेच येते. वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो सरळ जाते, २०२४ पासून. घरापासून स्टेशन चालत बारा मिनिटं. पुढे रामवाडी ते खराडी हा तुकडा तेवढा अडतो. तिने एक आठवडा करून पाहिलं. मेट्रोत ती खूश होती. रामवाडीला उतरल्यावर रिक्षावाल्यांशी रोज नवी घासाघीस. आणि इकडे, घरापासून स्टेशनच्या बारा मिनिटांतली सात मिनिटं रस्त्यातून चालायचं, कारण फूटपाथला लागून दोन ओळींत गाड्या. 'बाहेर' लावलेल्या. शुक्रवारी एका गाडीचा उघडता दरवाजा लागून तिच्या कोपराला खरचटलं. सोमवारी दादाने गाडी बुक केली.

काल पुन्हा फोन झाला. मी दादाला एवढंच विचारलं, की आतली एक जागा आहे ती कोणत्या गाडीला? तो म्हणाला, "अर्थात नवीला. एवढी महागाची गाडी उन्हात ठेवू का?" म्हणजे रात्री नऊला खराडीहून आल्यावर जागा शोधत गल्लीला चकरा मारणार ती वहिनी, आणि सकाळी काचेवरची कावळ्यांची शिट पुसणारही तीच. मी हे बोलले, तर पलीकडे एकदम शांतता.

मग वहिनी म्हणाली, "थांब हं, टेप आणते."

स्टिल्टमधली जागा तिने आणि बाबांनी मोजली. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर. एसयूव्हीच्या रुंदीचा आकडा दादाने कंपनीच्या माहितीपत्रकातून वाचून दाखवला, आरसे मिटलेले धरून. बसते. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार अर्धंच उघडतं, आणि दादाचं पोट गेल्या दोन वर्षांत जरा पुढे आलं आहे.

हॅचबॅक मात्र आत छान मावते. डिलिव्हरीला अजून पाच आठवडे आहेत.