पीटीचा तास

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात शाळांवरून पुन्हा जुंपली. पुण्यातल्या एका इंटरनॅशनल शाळेच्या फीच्या पावतीचा फोटो कुणीतरी टाकला आणि मग एकेक विषय निघत गेला. राज्य मंडळ की सीबीएसई, मराठी की सेमी, पहिलीपासून हिंदी लादायला निघाले होते ते, आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ठेवलेल्या, पंचवीस टक्के जागा देताना खासगी शाळा काय काय करतात ते. मी दोनशेच्या वर मेसेज वाचले. त्यात मैदान हा शब्द एकदाही आला नाही. चित्रकलेचा तास, गाणं, स्नेहसंमेलन यांतलंही काही नाही. हे मला लागलं, कारण आम्ही सगळे सांगलीच्या एका साध्या अनुदानित मराठी शाळेतले. आज एकमेकांशी बोलतो ते त्या मैदानामुळे आणि त्या रंगमंचामुळे, बीजगणितामुळे नव्हे.

मी हे यॉर्कशायरमधून लिहितेय. माझी मुलगी इथल्या एका इंडिपेंडंट शाळेत शिकते. इंडिपेंडंट म्हणजे सरकारी अनुदान नाही, सगळा कारभार फीवर आणि देणग्यांवर. इंग्लंडमधल्या शंभरातल्या जेमतेम सात मुलांच्या वाट्याला अशी शाळा येते. रोज घरून ये-जा करणाऱ्या मुलांच्या शाळेची सरासरी फी कर धरण्याआधीच वर्षाला १८,००० पौंडांच्या आसपास आहे. आमचं उत्पन्न बघून शाळेने निम्मी फी माफ केली, म्हणून ती तिथे आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते सोयीच्या जागेवर बसून सांगतेय, हे आधीच मान्य करते.

मार्चमध्ये शाळेचं नाटक होतं. मुलीला अभिनयाची हौस नाही, ती प्रकाशयोजनेत होती. रंगीत तालमीच्या दिवशी तिला आणायला गेले तर तालीम लांबलेली, म्हणून मागच्या रांगेत बसले. वर काचेच्या खोलीत ती आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा एक मुलगा. कानाला हेडफोन, पुढ्यात बटणांचा पाट, शेजारी संहितेची प्रत आणि तिच्या समासात पेन्सिलीने घातलेले आकडे, एक ते चौसष्ट: कुठे उजेड बदलायचा त्याच्या खुणा. एकेचाळिसाव्याला ती अर्धा क्षण उशिरा आली. मंचावरची मुलगी अंधारात वाक्य बोलून गेली. सरांनी तालीम थांबवली, ‘पुन्हा’ एवढंच म्हणाले, आणि सगळे निमूट आपापल्या जागी गेले. पुन्हा झालं. तरी चुकलं. तिसऱ्यांदा उजेड आणि वाक्य एकत्र आले. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, “आई, ती श्वास घेते ना वाक्याच्या आधी, तेव्हाच उजेड सोडायला हवा. मी शब्दाची वाट बघत होते.”

चौदा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचा श्वास ऐकायला शिकवणारा तास मला फार मोलाचा वाटतो.

हे घडतं कसं, ते गेली तीन वर्षं बघतेय. बुधवारी दुपारी अख्खी शाळा मैदानावर असते. चांगलं खेळणारीही आणि चेंडूला घाबरणारीही. हॉकीचे चार-चार संघ असतात, आणि चौथ्या संघाचाही शनिवारी सकाळी दुसऱ्या शाळेशी खराखुरा सामना असतो, पंचासकट. माझी मुलगी त्या चौथ्या संघात आहे. पंधरा वर्षांखालच्या हॉकीला शिकवतात त्या रसायनशास्त्राच्या बाई. भूगोलाचे सर वाद्यवृंदात मुलांच्या शेजारी बसून चेलो वाजवतात. शनिवारचे सामने, तालमी, सहली हे सगळं शिक्षकांच्या नोकरीतच धरलेलं असतं. वाद्य शिकणारी मुलं पाळीपाळीने वर्गातून उठून जातात, पहिली ते आठवी अशा श्रेणींच्या परीक्षा देतात. आमच्याकडची मुलं पेटी-तबल्याच्या परीक्षांना मिरजेला जायची, तसंच. आणि ऑगस्टमध्ये जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, निकाल लागतात तेव्हा त्या बुधवारांमुळे कुणाचे गुण बुडाले, असं मी अजून कुणा पालकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. यात मुलांची गुणवत्ता नंतर येते. आधी येतं वेळापत्रक, आणि त्या वेळापत्रकाला कुणी हात लावत नाही.

आता याची दुसरी बाजू. आमच्या शेजारणीचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा, जवळच्या सरकारी शाळेत जातो. नाटकात तो आमच्या मुलीपेक्षा कितीतरी सरस. घरच्या अंगणात त्याच्या नकला ऐकून आम्ही हसून लोळलोय. त्याच्या शाळेत जीसीएसईला नाट्य हा विषय यंदा निघालाच नाही. घेणारी मुलं कमी आणि शिकवायला माणूस नाही. २०१० साली इथल्या सरकारने शाळांना जोखण्यासाठी ईबॅक नावाचं माप आणलं. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान, परदेशी भाषा आणि इतिहास किंवा भूगोल. कला, संगीत, नाट्य बाहेर. जे मोजलं जात नाही त्याला शाळा पैसे देत नाहीत. हे माप आता काढून टाकू, असं २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने जाहीर केलं. मधल्या पंधरा वर्षांत शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना त्याचा उपयोग नाही. क्रिकेटमध्येही हेच दिसतं. जो रूट आणि हॅरी ब्रूक हे दोघे यॉर्कशायरचे, पण दोघांनाही शाळेच्या वयातच खासगी शाळेत जावं लागलं. तिथे खेळपट्ट्या आहेत आणि प्रशिक्षक आहेत.

१ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. त्या पैशातून सरकारी शाळांना साडेसहा हजार शिक्षक देऊ, असं सरकारचं म्हणणं. आमच्या शाळेच्या पालकांमध्ये यावरून संताप आहे, काहींनी मुलं काढलीही. आमचीही ओढाताण होते. तरी मला हा कर रास्त वाटतो, आणि हे मी पालकसभेत उभी राहून बोलले आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ते शिक्षक येतील तेव्हा त्यांतला एक तरी नाट्याचा असेल का, हे ना कर लावणारे सांगतात, ना कराविरुद्ध कोर्टात गेलेले विचारतात. वाद पैशाचा झाला आणि शेजारचा मुलगा त्यातून निसटला.

आपल्याकडचा वादही मला असाच निसटता वाटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली: सरकारी किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के जागा देण्याची सक्ती नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, ते उत्तम झालं. पण त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आणखीही काही लिहिलंय. प्रत्येक शाळेला मैदान हवं. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला की कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. या ओळीसाठी किती पालक कोर्टाची पायरी चढले? चित्रकलेचे शिक्षक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, आणि ग्रुपवर आपण बोर्डावरून भांडतो.

आम्हाला हे सगळं जवळजवळ फुकट मिळालं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे सीतास्वयंवर उभं केलं, त्या गावात आमचं स्नेहसंमेलन भावे नाट्यमंदिरात व्हायचं. मी पडदा ओढायची. दोराने तळहात सोलवटून निघायचे आणि चित्रकलेचे सर विंगेत उभे राहून ‘आत्ता’ म्हणायचे. दोन महिने शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतः बसून राजवाडा रंगवलेला असायचा. पीटीचे सर पहाटे साडेपाचला मैदानावर. फक्कीने खोखोच्या पाट्या आखायच्या, दोन खुंट ठोकायचे. आठ जणी बसलेल्या, एक पळणारी. त्याला पैसे लागत नव्हते. लागत होता एक पगारी माणूस आणि एक न बुडणारा तास.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली जिंकल्या, मुलगेही जिंकले, आणि प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. इंग्लंडचेही संघ तिथे उतरले होते. मी मुलीला अंतिम सामना दाखवला. खुंटाला वळसा घालताना शरीर किती कलतं ते बघून ती उठून उभी राहिली. “हे तू खेळायचीस?” तिने विचारलं. मी हो म्हणाले, आणि पुढे काही बोलता येईना.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीशी बोलणं झालं. भाचा आठवीत, चांगल्या नावाच्या शाळेत. मी विचारलं, “अगं, त्याचा पीटीचा तास कधी असतो?” ती म्हणाली, “ताई, पीटीला आता फाउंडेशनचा क्लास असतो. शाळेतच घेतात, म्हणून तर तिथे घातला.” फाउंडेशन म्हणजे जेईईची पायाभरणी. तेराव्या वर्षी. बहीण मुलाची काळजी मनापासून करते, म्हणूनच तिला ही सोय वाटली. तिला दोष देववत नाही. पण तो तास त्याचा होता.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं पूर्ण होतायत, म्हणून शाळेला काहीतरी द्यायचं ठरलंय. वर्गणी जमतेय आणि बहुतेकांचं मत डिजिटल वर्गाकडे आहे. मी लिहिलं, फळा नको. तीन वर्षं पुरेल एवढं एका खेळाच्या आणि एका चित्रकलेच्या शिक्षकाचं मानधन देऊ, आणि शाळेकडून लेखी घेऊ की तो तास दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. चौघींनी होकार दिला. एकाने विचारलं, माणसावर नाव कसं कोरणार? त्याला मी पीटीच्या सरांचं नाव लिहून पाठवलं.

काल गावातली मैत्रीण मुद्दाम शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटून आली. ते नाही म्हणाले नाहीत. मैदान आहे, अर्ध्यावर गाड्या लागतात. खुंट काढून प्रयोगशाळेच्या मागे ठेवलेत, एकाला वाळवी लागलीय. तिने फोटो पाठवलाय. दुसरा चांगला आहे.