लिलाव नेमका कशाचा?

छोट्या स्वयंचलित वर्कशॉपांनी कामं आपसात बोली लावून वाटून घ्यावीत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उद्यमनगरात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा संताप आहे त्यात, आणि तो खरा आहे. तुम्ही म्हणता, तसं केलं तर रेट पडत जाणार आणि शेवटी मोठा भांडवलवालाच टिकणार. शिवाय सॉफ्टवेअरला विश्वास कळत नाही.

रेट पडतात, हे मी भोगलंय. एका कंपनीच्या ऑनलाइन लिलावात शेवटच्या दोन मिनिटांत पंप-बॉडीचा रेट मी तीनदा उतरवला. काम मिळालं, पण टूलचा खर्चही सुटला नाही. तिथे घेणारा एकटा, देणारे आम्ही बाराजण, आणि विचारत होते फक्त रेट. त्याला मी बाजार मानतच नाही.

समजा, चाळीस कास्टिंगचं, म्हणजे ओतीव नगांचं, मशीनिंग आलंय. माझ्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, दुसरंच फिक्स्चर (नग पकडून ठेवणारा साचा) चढलंय; ते उतरवून, डायल लावून नवं सेटिंग करायला तीन तास जातात. पलीकडच्या गाळ्यात नेमकं तेच फिक्स्चर बसलंय आणि मशीन दुपारपासून बंद आहे. त्याची बोली माझ्यापेक्षा कमीच येणार, आणि त्यासाठी त्याला पोटाला चिमटा काढावा लागणार नाही. आज हे चहाच्या गाड्यावर कळतं, कळलं तर. श्टुटगार्टला डेमलरच्या कारखान्यात 2000 च्या सुमारास सिलिंडर हेडच्या लाइनवर असंच केलं होतं: प्रत्येक नगासाठी मशीनं बोली लावायची.

रेट पडण्याच्या भीतीवर अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्रींनी 1961 मध्ये मांडलेली रीत मला पटते. काम सर्वांत कमी बोलीला, पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. मग खरा खर्च सांगण्यातच हित. खर्चाखाली बोललात तर तोट्याचं काम गळ्यात पडू शकतं, फुगवून बोललात तर हातचं जातं.

विश्वासाच्या मुद्द्यावर मात्र मी अडलो. तिसऱ्या कटला ब्लो होल, म्हणजे ओतताना नगाच्या पोटात राहिलेली पोकळी, उघडलं, तर नुकसान कुणाचं? नग ओतणाऱ्या फाउंड्रीचं, की तास वाया गेलेल्या मशीनवाल्याचं? मार्केट यार्डात व्यापारी गुळाचा रंग, कणी बघून बोली लावतो. कास्टिंगच्या पोटातलं तसं दिसत नाही. बोली लावण्याआधीच रिजेक्शनचा हिशेब लिहिलेला हवा. माझ्या लेखात तो नव्हता, ही मोठी उणीव.

आम्ही पाच गाळेवाले फक्त रिकाम्या तासांपासून सुरुवात करतोय. तो रिजेक्शनचा नियम तुम्हीच लिहून द्या. यायचं की नाही, ते मग ठरवा.