समोरच्यांच्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचाय? या, बसा!

सगळ्यात आधी अभिनंदन. तुमच्या आघाडीने राष्ट्रपतीपदाला उमेदवार दिलाय, सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून वर करून फोटो काढलेत, आणि तुम्हाला मात्र पलीकडचा उमेदवार आवडलाय, म्हणजे तुम्ही आता खरोखर मोठे पुढारी झालात. छोट्या पुढाऱ्याला असं काही आवडून चालत नाही. आणि घाबरू नका, याला गद्दारी म्हणत नाहीत. गद्दारी सरकार पाडताना होते, राष्ट्रपती निवडताना येतो तो फक्त अंतरात्म्याचा आवाज.

हा आवाज आपल्याकडे मोठ्याने ऐकू आला १९६९ ला. गोष्ट माहीत असेल तरी परत ऐका, कारण एवढं भारी काम नंतर कुणालाच जमलं नाही. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्या अर्जावर खुद्द इंदिराबाईंची सही, आणि मग काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षवाल्यांना दुसऱ्या पसंतीची मतं मागायला गेले हे निमित्त झालं आणि बाईंनी सांगून टाकलं की सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या. बाकीचे लोक दुसऱ्याच्या उमेदवाराला पाठिंबा देतात, बाईंनी स्वतः सही केलेला उमेदवार पाडला. पहिल्या पसंतीत निकाल लागेना, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, अपक्ष व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. (तिसऱ्या नंबरला आपले चिंतामणराव देशमुख होते, रायगडचे, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रीपद फेकून आलेले. मराठी माणूस राष्ट्रपती व्हावा असं तेव्हा फार कुणाच्या अंतरात्म्याला वाटलं नाही, असो.) नोव्हेंबरात पक्षाने बाईंना काढून टाकलं, तर बाई पक्षच घेऊन गेल्या. तुमच्याकडे एवढी सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम बेरीज. राष्ट्रपती निवडतात खासदार-आमदार, आणि आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. महाराष्ट्रातल्या आमदाराचं एक मत १७५ चं, यूपीतल्याचं २०८ चं, गोव्यातल्याचं २० चं आणि सिक्कीमवाल्याचं बिचाऱ्याचं ७ चं, सगळं १९७१ च्या जनगणनेवर. कॅल्क्युलेटर घ्या, दार लावून घ्या आणि कोण जिंकतंय ते काढा. उत्तर आलं की बघा, त्या माणसाबद्दल आतून काहीतरी वाटायला लागेल. हरणाऱ्या उमेदवाराकडे बघून अख्ख्या पक्षाचा अंतरात्मा खडबडून जागा झालाय असं गेल्या चार-पाच निवडणुकांत मी तरी बघितलेलं नाही.

अमेरिकेतले लोक यात फारच कच्चे. २०२४ ला डिक चेनी, बुशसाहेबांचे उपाध्यक्ष, जन्मभराचे रिपब्लिकन, त्यांनी जाहीर करून टाकलं की मी कमला हॅरिसना मत देणार कारण ट्रम्पएवढा धोका देशाला आजवर कुणाचाच नव्हता. बरं, घरात उदाहरण होतं, मुलगी लिझ ट्रम्पशी पंगा घेऊन दोन वर्षांपूर्वीच स्वतःच्या पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवारी ठरवायच्या निवडणुकीत, आपटलेली. तरी यांनी दिला पाठिंबा, आणि हॅरिसबाई हरल्या! बदल्यात एक महामंडळसुद्धा नाही. एवढा अनुभवी माणूस, बेरीज न करता पाठिंबा देतो, याला काय म्हणायचं.

बेरीज झाली की कारण शोधायचं. ते उमेदवाराच्या कामात शोधू नका, जन्मदाखल्यात शोधा. २००७ ला शिवसेना भाजपच्या एनडीएत, एनडीएचा पाठिंबा भैरोसिंह शेखावतांना, आणि समोर काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील, जळगावच्या. बाळासाहेबांनी ठरवून टाकलं, मराठी बाई राष्ट्रपती होतेय, मत तिलाच. विषय कट. भाजपवाल्यांना धड बोलताही येईना, मुंबईत राहून मराठी बाईच्या विरोधात बोलणार कोण? तेव्हा डोंबिवलीत आमच्या कोपऱ्यावर एक काका रोज सकाळी फळ्यावर खडूने बातम्या लिहायचे. कित्येक वर्षं त्या फळ्यावर काँग्रेस हा शब्द एखाद्या शिवीशिवाय आलाच नव्हता. त्या दिवशी काकांनी मोठ्या अक्षरात 'प्रतिभाताई' लिहिलं आणि अडकले, खडू हवेत, पुढे पक्षाचं नाव तर लिहायला पाहिजे आणि हात काही चालेना. शेवटी 'महाराष्ट्राची कन्या' असं लिहून त्यांनी बोटांवरची पूड फुंकली आणि कटिंग मागवला. मी आगाऊपणे म्हटलं, काका, ताईंच्या यजमानांचं आडनाव पण शेखावतच आहे की! काका म्हणाले, तू क्लासला जा.

तर असं कारण लागतं, की समोरच्याला उत्तरच सुचलं नाही पाहिजे.

आता तेच कारण दरवेळी चालत नाही हं. २०१२ ला काँग्रेसचे प्रणब मुखर्जी, आपले प्रणबदा, उभे राहिले, ते बंगाली, त्यांना कुठून मराठी करणार. अशा वेळी उमेदवारालाच घरी येऊ द्यावं. पवारांच्या सल्ल्यावरून प्रणबदा मातोश्रीवर जाऊन आले आणि सोनियाजींना ते आवडलं नाही हे पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पाठिंबा बाळासाहेबांचा, उमेदवार काँग्रेसचा, सल्ला पवारांचा, आणि एनडीएने ज्यांच्या मागे जोर लावला ते संगमा थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत पवारांच्याच राष्ट्रवादीत. कोण कुणाचा याचा फार विचार करायचा नाही, बीपी वाढतो.

पक्ष फुटलेला असेल तर मात्र जरा वेगळी तयारी लागते. २०२२, जूनअखेर मुख्यमंत्रीपद गेलेलं, चाळीस आमदार गेलेले, खासदार बॅगा भरून दारात, आणि १२ जुलैला उद्धवजींनी द्रौपदी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. शिवाय आवर्जून सांगितलं की माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, आरशासमोर दहा वेळा म्हणा, ते म्हणताना इकडेतिकडे बघायचं नाही. काँग्रेसवाले नाराज झाले, होणारच, पण त्यात पण गंमत बघा, आघाडीने दिलेला उमेदवार कोण तर यशवंत सिन्हा, वाजपेयींचे अर्थमंत्री! म्हणजे ज्यांनी आघाडीशी इमान राखलं त्यांनी जुन्या भाजपवाल्याला मत दिलं आणि ज्यांनी नाही राखलं त्यांनी ताज्या.

मतदानाच्या दिवशी टेन्शन घेऊ नका. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, काढता येत नाही, मतदान गुप्त. खासदाराला हिरवी मतपत्रिका, आमदाराला गुलाबी. दारातच तुमचं स्वतःचं पेन काढून घेतात आणि निवडणूक आयोगाचं जांभळ्या शाईचं पेन हातात देतात, २०१६ ला हरियाणात राज्यसभेच्या वेळी पेनावरून राडा झाला त्यानंतरची ही पद्धत. नावापुढे आकडा लिहायचा, बास. भावनेच्या भरात सही ठोकू नका, जय महाराष्ट्र लिहू नका, मत बाद होतं. बाहेर पडताना त्यांचं पेन त्यांना द्या, आपलं मागून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा, हा पाठिंबा उमेदवारासाठी नसतोच मुळी, तो तुमच्याशिवाय पण निवडून येतोय, आपण बेरीज केलीये ना. पाठिंब्याचं पत्रक शेजारी बसलेल्या मित्राने वाचायचं असतं आणि त्याची झोप उडाली पाहिजे. हे ज्याला शंभर टक्के कळलं तो माणूस म्हणजे बिहारचे नितीशकुमार. २०१२ ला एनडीएत राहून काँग्रेसच्या यूपीए आघाडीच्या प्रणबदांना पाठिंबा, २०१७ ला लालू आणि काँग्रेसबरोबर सरकारात बसून एनडीएच्या रामनाथ कोविंदांना. कारण काय, तर कोविंद बिहारचे राज्यपाल होते. मग विरोधकांनी पण डोकं लावलं आणि मीरा कुमार दिल्या, बिहारची लेक, म्हणजे जन्मदाखला पण पलीकडे गेला, दुसरा कुणी असता तर गडबडला असता. नितीशबाबूंनी उलटं विचारलं, बिहारच्या लेकीला काय हरण्यासाठी उभी केलीत? लालू ऐतिहासिक चूक ऐतिहासिक चूक म्हणत राहिले. २५ जुलैला कोविंदांनी शपथ घेतली, २६ ला नितीशबाबूंनी राजीनामा दिला आणि २७ ला भाजपला घेऊन परत मुख्यमंत्री.

थांबा, संपलं नाही. ५ ऑगस्टला उपराष्ट्रपतीपदाची निवडणूक होती. एनडीएचे व्यंकय्या नायडू, विरोधकांचे गोपाळकृष्ण गांधी. नितीशबाबू आता एनडीएत, आणि त्यांच्या पक्षाचा पाठिंबा गोपाळकृष्ण गांधींना. का, तर आधी शब्द दिला होता.