बाटली फोडा की हो, सिस्टर!

पालक उदासीन आहेत म्हणे! लसीकरणाचा आकडा घसरला की हे उत्तर तयारच असतं. मग जनजागृती करा, शाळेच्या पोरांची रॅली काढा, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र रंगवा, झालं काम. अहो, जागेच आहोत आम्ही. पहाटे उठून पाणी भरतो, डबे करतो, सुपरवायझरच्या विनवण्या करून सुट्टी मागतो आणि नऊ महिन्यांचं पोर कडेवर मारून दहाच्या आत केंद्राच्या ओट्यावर हजर होतो. यापेक्षा जास्त जागं कसं व्हायचं, तेवढं सांगा.

आणि तिथं काय ऐकायला मिळतं? "गोवरची दोनच बाळं आलीत आज. व्हायल फोडत नाही. पुढच्या मंगळवारी या."

पुढच्या मंगळवारी या! जसा काही मंगळवार आमच्या बापाचा आहे. मी ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार तर गेलाच, वर महिनाभर एकही खाडा न करता मिळणारा हजेरी बोनसही गेला. रिक्षाचं भाडं वेगळं. फुकट लस म्हणतात ती अशी पडते आम्हाला. वडाप झालंय नुसतं, सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही!

चीड कशाची येते सांगू? लस संपली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. लस समोर असते. टेबलावर तो निळा डबा, आत बर्फाचे पॅक, मधोमध पिशवीत इवल्याशा बाटल्या. सिस्टरने उचलून दाखवलीसुद्धा. तळाला पांढरी भुकटी, टोपणावर जांभळट गोल आणि त्याच्या आत चौकोन. तो चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस उन्हातापाने बिघडलेली नाही असं समजायचं. चौकोन स्वच्छ पांढरा होता. म्हणजे लस ठणठणीत, पोरगं ठणठणीत, टोचणारी हजर, आई हजर. तरी लस नाही!

कारण एका बाटलीत एकापेक्षा जास्त बाळांचे डोस असतात. बीसीजीच्या, म्हणजे क्षयाच्या लसीच्या, दहा जणांचे, गोवर-रुबेलाच्या पाच-दहा जणांचे. ती भुकटी सोबतच्या पाण्यात मिसळली की चार तासांत वापरायची, उरलं ते फेकून द्यायचं. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, बाटली उघडली तरी नीट थंड ठेवून चार आठवडे चालते, म्हणून त्या डोसला कुणी पोरं मोजत बसत नाही. सगळी रड गोवर आणि बीसीजीची.

चार तासांचा नियम मोडा, असं माझं अजिबात म्हणणं नाही. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये गोवरची लस फ्रिजमध्ये न ठेवता अनेक दिवस वापरली, सिरिंजही तीच ती, आणि १५ लेकरं गेली. उरलेली लस फेकलीच पाहिजे. पण फेकावी लागेल म्हणून फोडायचीच नाही, हे कुठलं शहाणपण? सरकारच्याच सूचना आहेत की एक बाळ आलं तरी बाटली उघडा. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. हे मी सिस्टरला बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, मला पण माहितीय. मीटिंगला वेस्टेजवरून, म्हणजे वाया गेलेल्या डोसवरून, बोलणी कोण ऐकून घेणार, तुम्ही?"

तिथं माझं तोंड बंद झालं, पण डोकं जास्त फिरलं. बाईंवर राग धरून काय करू? एकटी बाई टोचणार, रजिस्टर भरणार, मोबाईलवर माहिती चढवणार, वर आमची बोलणी खाणार. वरच्यांना विचारायचं आहे मला. फोडलेल्या बाटलीतला थेंब न् थेंब रजिस्टरला लागतो. परत पाठवलेलं पोर कुठल्या रकान्यात लिहिता हो? आईबापांनी नको म्हटलं तर त्यांचं नाव नकार देणाऱ्यांच्या यादीत जातं, समजूत घालायला आशाताई घरी येतात. केंद्राने नको म्हटलं तर कुठली यादी? कुणी यायचं समजूत घालायला? कागदावर माझं पोर 'डोस बाकी' दिसणार, आणि वर बसलेला माणूस चहा पीत म्हणणार, बघा, पालक उदासीन.

बरं, ही नऊ महिन्यांची वेळ उगाच ठरवलेली नाही. आईकडून आलेली ताकद तोवर ओसरत जाते आणि पोर उघडं पडतं. गोवरइतका झपाट्याने पसरणारा रोग शोधून सापडणार नाही. त्याला अडवायचं तर शंभरातल्या पंचाण्णव पोरांना दोन्ही डोस मिळायला हवेत. आपण कुठे आहोत? सरकारच्याच पाहणीत २०१५-१६ ला देशातली ६२ टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली होती, २०१९-२१ ला ती ७६ वर गेली. वाढली, नाही म्हणत नाही. पण चारातलं एक पोर राहिलंच ना? २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर उठला, मालेगाव-भिवंडीपर्यंत गेला, लेकरं दगावली. मग केंद्र सरकारचं पथक आलं, जादा डोस निघाले, सहा महिन्यांच्या बाळांनाही टोचायचं ठरलं. तेव्हा कुणी वेस्टेज विचारलं नाही. म्हणजे बाटली फोडायला आधी साथ यावी लागते का?

आणि कार्डाची कटकट तर विचारूच नका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बीसीजी तिकडे, दीड-अडीच महिन्यांचे डोस तिकडे, पुढचं सासरी. इथं कार्ड पुढे केलं की, "हे कुठलं कार्ड? तिकडेच का नाही जात?" जाते की! एसटीचं तिकीट द्या, जाते. आता यू-विन या सरकारच्या लसीकरण ॲपवर नोंद आहे, देशात कुठेही लस घ्या म्हणे. घेऊ. आधी तुमचं ॲप उघडू द्या आणि माझ्या जुन्या नंबरवर जाणारा ओटीपी माझ्या नवऱ्याला सापडू द्या. मी तर एका जागी राहते. बीडकडची ऊसतोड करणारी माणसं दिवाळीच्या सुमारास फडावर जातात ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्या कोपीतल्या, फडावरच्या झोपडीतल्या, बाळाचा मंगळवार कुठल्या केंद्रात मोजायचा?

"मग प्रायव्हेटला द्या ना." हे सांगणारे फार शहाणे. न्यूमोनियाच्या लसीचा एक डोस बाहेर हजारांत पडतो, आणि तसे तीन लागतात. सरकारात फुकट आहे तर सरकारातच घेणार आम्ही. कर भरतो की. काडेपेटीवरसुद्धा भरतो.

जमत नाही म्हणू नका, याच देशाने करून दाखवलंय. पोलिओच्या वेळी एसटी स्टँडवर, रेल्वेत, वीटभट्टीवर पोरं हुडकून थेंब पाजले, करंगळीला शाई लावली, घरांच्या दारावर खडूने खुणा केल्या. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला शेवटचा रुग्ण, २०१४ ला देश पोलिओमुक्त. थेंब पाजणं आणि सुई टोचणं सारखं नाही, कबूल. सुईला शिकलेला हात लागतो. पण माझ्या केसमध्ये तो हात समोर रिकामाच बसला होता ना!

आणि ज्या राज्यात पुण्यातून जगभर लसी जातात, कुठल्या कुठल्या देशांतली पोरं इथल्या बाटलीवर वाढतात, त्या राज्यात आम्हाला उत्तर काय, तर दोनच बाळं आहेत. एका बाटलीतले तीन किंवा आठ डोस वाया गेले तर गेले! एका पोराला गोवर होऊन न्यूमोनिया झाला, तर सरकारी दवाखान्यात त्याच्यावर किती खर्च होतो, त्याचाही एकदा हिशोब मांडा मीटिंगला.

आता मीच वस्तीत फिरतेय. कुणाच्या पोराचं गोवर राहिलंय, कुणाचं बीसीजी राहिलंय. खरं तर हे काम माझं नव्हे. लस सरकारने द्यायची आणि गिऱ्हाईक आम्ही जमवायचं! पाचजणी तयार झाल्यात. एकीच्या पोराला सर्दी आहे, तिला सांगितलं, साध्या सर्दीला लस थांबवत नाहीत, गप चल. मंगळवारी सगळ्या जाणार. आणि तरी 'फोडत नाही' म्हणाले, तर एवढंच म्हणणार आहे, लिहून द्या. बाळाचं नाव, आजची तारीख, लस शिल्लक असताना का दिली नाही ते, खाली सही आणि केंद्राचा शिक्का. कागद-पेन मी घेऊन येते.