कोको बेटं नेहरूंनी कुणाला दिली नाहीत

अंदमानची सहल ठरली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विमानाची तिकिटं येतात, सेल्युलर जेलच्या वेळा येतात आणि पाठोपाठ हा मेसेज येतो: "कोको बेटं भारताची होती. नेहरूंनी १९५०च्या दशकात ती ब्रह्मदेशाला भेट दिली. ब्रह्मदेशाने १९९४ मध्ये ती चीनला भाड्याने दिली. आज तिथून चीन आपल्यावर नजर ठेवतो." परवा मावशीने तो मला पाठवला आणि विचारलं, "खरं आहे का रे हे?" तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी बेटं पाहू. नकाशावर उत्तर अंदमानातलं दिगलीपूर शोधा आणि बोट वर सरकवा. लँडफॉल हे आपलं टोकाचं बेट. त्यापुढे साधारण २० किलोमीटर समुद्र, मग लिटल कोको, त्याच्या वर ग्रेट कोको आणि टेबल बेट. ग्रेट कोको जेमतेम १० किलोमीटर लांब आणि दोनेक किलोमीटर रुंद. नारळांवरून हे नाव पडलं.

आता "भारताची होती" हे वाक्य. अंदमान-निकोबार आणि कोको सगळंच इंग्रजांकडे होतं, इतकंच त्यात खरं. पण १८८२ मध्येच इंग्रजांनी कोको बेटं ब्रिटिश ब्रह्मदेशात घातली. त्या काळी ब्रह्मदेशाचा कारभारही कलकत्त्याहूनच चाले. थिबा राजाला पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवलं ते म्हणूनच. त्या अर्थाने कोको "भारतात" होती, तसं रंगूनही होतं. पुढे १ एप्रिल १९३७ला ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून कायद्याने वेगळा झाला आणि कोको बेटं त्याच्याबरोबर गेली. त्या दिवशी नेहरूंच्या हातात कुठलंच सरकार नव्हतं. अंतरिम सरकार आलं ते सप्टेंबर १९४६ मध्ये. १९४७ला आपल्याला जे मिळालं त्यात कोको नव्हतीच, मग भेट कशाची देणार?

"पण ती अंदमानच्याच रांगेत आहेत ना?" असं मावशीने विचारलं. आहेत. आराकानची डोंगररांग समुद्रात बुडते आणि तिचीच शिखरं प्रेपारिस, कोको, अंदमान, निकोबार अशी वर डोकावत पार सुमात्राकडे जातात. रांग एक म्हणून मालक एक असं धरलं, तर ब्रह्मदेशही अंदमान मागू शकेल.

देशाची जमीन दुसऱ्याला दिली की कागद मागे उरतो. १९५८ मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांच्यात बेरुबारीचा करार झाला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला द्यायचं ठरलं. त्यावरून केवढं रान उठलं! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, प्रदेश द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल असं मत न्यायालयाने १९६० मध्ये दिलं आणि नववी घटनादुरुस्ती झाली. कोकोच्या नावाने असा एक करार, एक विधेयक या मेसेजमध्ये कधी दिसलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. या मेसेजमुळे त्या बेटाचा खरा इतिहास पुसला जातो. १९५९ मध्ये ब्रह्मदेशाचे लष्करप्रमुख ने विन यांच्या काळजीवाहू सरकारने ग्रेट कोकोवर कैद्यांची वसाहत उभारली. पुढे त्यांच्या लष्करी राजवटीने तिथे राजबंदी पाठवले. चारी बाजूंनी समुद्र, म्हणजे काळं पाणीच. त्या राजबंद्यांनी शेवटी उपोषणाचं हत्यार उपसलं. आपल्या राजबंद्यांनी १९३३ आणि १९३७ मध्ये सेल्युलर जेलमध्ये उपसलं होतं, तेच. १९७१ मध्ये कोकोची वसाहत बंद करावी लागली. पोर्ट ब्लेअरच्या कोठड्यांपुढे डोळे पुसणाऱ्या माणसांना शेजारच्या बेटावरची ही माणसं परकी वाटू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

राहिला चीन. "भाड्याने दिली" याचा पुरावा कधीच समोर आलेला नाही. १९९०च्या दशकात तिथल्या चिनी टेहळणी केंद्राच्या बातम्या जोरात होत्या, १९९८ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनीही तसं म्हटलं. पण २००५ मध्ये आपले नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश यांनी असं केंद्र तिथे नसल्याचं सांगितलं. काळजीचं कारणच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांत ग्रेट कोकोवरची धावपट्टी वाढवून सुमारे २,३०० मीटर केलेली आणि नवे हँगर दिसले. त्यावर प्रश्न विचारायलाच हवेत, आणि ते आजच्या म्यानमारच्या लष्कराला आणि आजच्या आपल्या सरकारला.

मावशीला आणखी एक नाव सांगितलं, नार्कोंडम. कोकोच्या आग्नेयेला सातशे मीटरहून उंच ज्वालामुखीचं एकटं बेट. तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. त्या बेटावर ब्रह्मदेश हक्क सांगत होता. २३ डिसेंबर १९८६ला रंगूनमध्ये दोन्ही देशांनी सागरी सीमेचा करार केला, कोको चॅनलमधून रेषा आखली गेली आणि ब्रह्मदेशाने नार्कोंडमवरचा दावा सोडला. ते बेट आपल्याकडे आहे. मावशी म्हणाली, "हे लिहून पाठव, मी ग्रुपवर टाकते."