वळचणीचं पाणी आणि चवथीचा रंग

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मारलेला रंग शिमग्यापर्यंतसुद्धा टिकला नाही. दादाने गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घराचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तेव्हा ऑकलंडमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी ओटा पुसत होते. पुढच्या पाख्याखालची फळी, वाशांची टोकं, आजोबांनी हौसेने बसवलेली नक्षीची झालर, सगळीकडे पांढऱ्या तेलरंगाचे पोपडे लोंबत होते. काही ठिकाणी खालचा हिरवा रंग दिसत होता, त्याच्याखालचा विटकरी, आणि एका वाशाच्या टोकाला तर नुसतं काळपट लाकूड. वहिनीने खाली एवढंच लिहिलं होतं, "पैसे पाण्यात."

मग ग्रुप पेटला. मुंबईच्या काकांच्या मते रंगाची कंपनी बोगस. फोंड्याच्या चुलतभावाने लाकूड काढून प्लास्टिकच्या पट्ट्या मारायला सांगितल्या, त्याने स्वतः तेच केलंय. दादाचं म्हणणं, आता पुरे झालं, कौलं उतरवू आणि रंगीत पत्रे घालू, सगळ्या गावाने घातलेत. भाच्याने मात्र मला थेट विचारलं, "आत्या, तुझ्याकडची घरं लाकडाचीच ना? तिकडे कुठला रंग मारतात, नाव सांग." त्याला ग्रुपवर एका ओळीत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे.

तर अजय, (नाव बदललंय, नाहीतर तो रागावेल), आमच्याकडेही पोपडे निघतात. माझं घर १९७० च्या दशकातलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वळचणीखालचा रंग असाच सुटायला लागला. शनिवारी खरवडायची पत्री आणि पॉलिश पेपर घेऊन शिडीवर चढायचा माझा बेत होता. रंगाऱ्याने फोनवरच थांबवलं. इथल्या त्या काळातल्या घरांच्या वळचणीला खालून सिमेंटचे पातळ पत्रे मारलेले असतात आणि त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासात गेले तर घातक असे खनिज तंतू) असण्याची शक्यता मोठी. शिवाय १९८० च्या आधीचा रंग असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालायचं. एक तुकडा प्रयोगशाळेत गेला, ॲस्बेस्टॉस निघालं. मग घासणं बंद, जोरकस पाण्याचा फवारा बंद. हलक्या हाताने धुवायचं, सुटलेलं तेवढं ओलं करून काढायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि वरून रंगाने झाकून टाकायचं. बिलात रंगापेक्षा परांचीचा आकडा मोठा होता.

आणि एवढं करून कारण काय निघालं? पन्हळ. पोहुतुकावाच्या झाडाची पानं आणि लाल केसर साचून पन्हळ तुंबली होती, पाणी मागच्या बाजूने फळीत उतरत होतं. रंग बिचारा बाहेरून पाऊस अडवत होता आणि पाणी त्याच्या पाठीमागून येत होतं. उन्हं तापली की त्या ओलीला बाहेर पडायचं असतं, वाटेत रंगाचा पापुद्रा येतो, तो फुगतो आणि सुटतो. रंग महागाचा असला तर मोठा पोपडा निघतो, इतकाच फरक.

वळचणीची आणखी एक खोड आहे, ती मला इथे कळली आणि कळल्यावर गावच्या घराकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. भिंतीवर पाऊस पडतो तेव्हा ती धुतली जाते. वळचणीच्या खालच्या अंगाला पाऊस लागत नाही, त्यामुळे समुद्रावरून आलेलं मीठ, धूळ, चुलीची काजळी तिथेच वर्षानुवर्षं बसून राहते. त्या थरावर रंग मारला की तो लाकडाला न चिकटता त्या मिठाला चिकटतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पुढचं सांगायला नको. म्हणून इथला रंगारी पहिला दिवस फक्त धुण्यात घालवतो, साबण आणि गोडं पाणी, बुरशी असली तर तिच्यासाठी वेगळं औषध. आपल्याकडे धुणं म्हणजे ओल्या फडक्याने एक हात फिरवणं. तेही मुकादम बघत असला तर.

आता मूळ दुखण्याकडे येते, आणि ते सांगताना माझंच नाक कापलं जाणार आहे.

२०२४ ला चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. दोन्ही वेळा मी गावी आले. दोन्ही वेळा मी जून-जुलैपासून दादाच्या मागे लागले होते की घराला रंग मारून घे, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधल्यावर फोटो चांगले यायला हवेत. पैसे मी पाठवले. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑकलंडला वर्षभरात साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर, तोही बारा महिने विखुरलेला, तरी इथे कुणी पावसाळी आठवड्यात बाहेरचा रंग मारायला घेत नाही. गोव्यात मात्र भर पावसाळ्यात, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, रंगारी शिडी लावतो. कारण तारीख ठरलेली असते. हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असली की थेंबभर पाणी न लागलेलं आडोशाचं लाकूडसुद्धा हवेतूनच ओल पिऊन विसेक टक्क्यांवर जातं. तेलरंगाला ते पंधराच्या खाली हवं. म्हणजे आपण ओलं लाकूड रंगाने हवाबंद करतो आणि शिमग्याचं ऊन पडल्यावर ते सुकायला लागलं की आश्चर्य करतो.

हे सगळ्या गावाचं आहे, मान्य. पण आम्ही परदेशातले लोक त्यात जास्तीचं तेल ओततो. लंडन, दुबई, ऑकलंडहून येणाऱ्यांची रजा चवथीची, म्हणून घर चवथीला चकचकीत हवं. मी ग्रुपवर रंगाऱ्याला नावं ठेवली होती. त्या माणसाने दादाला दोनदा सांगितलं होतं म्हणे, "बाब, लाकूड ओलं आसा." दादाने ते मला सांगितलं नाही, कारण सांगून उपयोग नव्हता, हेही त्यानेच आता सांगितलं.

आईच्या वेळी असं नव्हतं. मे महिन्यात कौलं परतायची, फुटकी बदलायची, पावसाच्या तोंडाला झावळ्यांची झापं बांधायची म्हणजे वाऱ्याने येणारा झोत भिंतीवर आणि वाशांवर बसत नसे. भिंतींना चुना, त्यात नीळ. चुना दरवर्षी थोडा झडायचा आणि दरवर्षी पुन्हा लागायचा, त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. चुन्यातून भिंत श्वास घ्यायची. चुन्यावर नंतर ज्यांनी प्लास्टिक पेंट मारला त्यांच्या भिंतींवरून तो चादरीसारखा उतरतो, तुम्ही पाहिलं असेल. जुनं सगळं सोनं असा माझा दावा नाही, ती कौलं परतताना आमचा एक शेजारी पडून जन्माचा लंगडा झाला. पण रंग कधी मारायचा हे तेव्हा पंचांग ठरवत नव्हतं, ऊन ठरवत होतं.

"परदेशात बघा" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. न्यूझीलंडमध्ये साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षं एक फॅशन आली, भूमध्य सागराकाठच्या घरांसारखी घरं. गुळगुळीत गिलाव्याच्या भिंती, सपाट छप्पर, आणि वळचण जवळजवळ नाहीच. त्यात भर म्हणून औषध न मारलेलं लाकूड भिंतींच्या आत वापरायला परवानगी मिळाली. कोरड्या देशातलं रूप पावसाच्या देशात आणलं. पाणी खिडक्यांच्या कडांतून, गिलाव्याच्या तड्यांतून आत शिरलं आणि आतलं लाकूड भाकरीसारखं कुसकरायला लागलं. २००२ मध्ये सरकारी चौकशी झाली, भरपाईचे दावे ऐकायला वेगळा कायदा करावा लागला. २००९ च्या एका अहवालात अशा घरांची संख्या अंदाजे ४२,००० आणि खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर धरला होता. अजूनही त्या काळातलं घर विकायला निघालं की घेणारे आधी वर बघतात. आता इथल्या नियमांत घराला पाण्याचा धोका किती हे मोजताना वळचणीची रुंदी हा एक रकाना असतो.

गंमत बघा. पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत गोव्यात होते, आणि त्यांच्या घरांनासुद्धा तिथे बल्कांवावर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) उतरतं छप्पर आणि बाहेर आलेली कौलं घ्यावी लागली. पावसाने त्यांना शिकवलं. आज गोव्यात 'पोर्तुगीज स्टाइल' म्हणून जे बंगले विकले जातात त्यांतल्या अनेकांची वळचण वीतभर नसते. पहिल्या पावसाळ्यात खिडकीखाली हिरवे ओघळ येतात, मग दरवर्षी 'वॉटरप्रूफ' रंगाचे डबे. ऑकलंडने जी चूक पैसे मोजून दुरुस्त केली, ती आपण पैसे मोजून विकत घेतोय.

म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्यांना माझा विरोध आहे. वाशांचं कुजणं त्याने थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. चुलतभाऊ रागावेल, पण त्याच्याकडे एक पट्टी काढून आत बोट घालून बघावं, एवढंच म्हणते.

दादाच्या पत्र्यांबद्दल मात्र मी पूर्वीइतकी ठाम नाही. ऑकलंडहून कौलांचं सौंदर्य वाखाणणं सोपं आहे. सकाळी छपरावर माकडांची टोळी उतरते तेव्हा मी तिथे नसते. कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर तीन आठवडे वाट बघायला लावतात, आणि एक कौल सरकलं की त्याच्याखालचा वासा पूर्ण पावसाळा भिजतो. दादा साठीचा आहे, त्याला शिडीवर चढू नको म्हणून मीच ओरडते. मधला मार्ग गोव्यात आणि कोकणात बऱ्याच जणांनी घेतलाय, खाली पत्रा आणि वर कौलं, दोन्हींमध्ये रिपा मारून हवा खेळायला जागा. खर्च जास्त. पण पाखं पुढे दीड-दोन फूट तसंच राहतं आणि माकडाने कौल हलवलं तरी पाणी पत्र्यावरून पन्हळीत जातं.

खर्च म्हटला की पुढचा प्रश्न कोणाचा, हा. आमच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सात-बारा) आजही किती नावं आहेत ते मोजायला दोन हात पुरत नाहीत. गोव्याच्या कायद्यात लेकीला लेकाइतकाच वाटा, याचा मला अभिमान आहे आणि मी तो परदेशी मैत्रिणींना सांगते. पण त्याची दुसरी बाजू अशी की छपराला हात लावायला सगळ्यांची संमती हवी आणि पैसे काढायला कुणीच नको. गावागावांतून जी बंद घरं दिसतात, एका बाजूचं पाखं खाली बसलेलं, त्यांतल्या कितीतरी घरांना आधी वळचणीपासूनच सुरुवात झाली. दिल्लीवाले घरं घेतात म्हणून आपण चिडतो. ज्या घराची पन्हळ दहा वर्षं कुणी साफ केली नाही ते कुणीतरी घेणारच. आमच्यापुरतं मी ग्रुपवर लिहिलं, पत्रा-कौलांचा अर्धा खर्च माझा, काकांनी नुसती सही द्यावी. काकांनी अंगठा दाखवला. व्हॉट्सॲपवरचा अंगठा संमतीचा असतो असं मी धरलंय.

एक गोष्ट दादाने कुणाला न विचारता करावी असं मी सांगितलं, आणि ती ऐकली गेली. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आमच्या वाशांवरचा हिरवा आणि विटकरी थर त्याच्या कितीतरी आधीचा. तो कोरडा घासून उडणारी पूड कुठे पडते? खाली तुळशीवृंदावन, बाजूला बांय (विहीर), आणि अंगणात दादाची नात रांगते. ओलं करून खरवडायचं, खाली ताडपत्री, बांयीवर झाकण, नात तेवढे दिवस आजोळी.

गेल्या महिन्यात मी लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र कुरियरने पाठवलं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. दादाने ते आधी देवघराच्या चौकटीला टोचलं, मग पाटाला, मग वहिनीने ओरडेपर्यंत जेवणाच्या टेबलाला. शेवटी वळचणीला. बहुतेक ठिकाणी बारा-तेरा. पश्चिमेच्या टोकाच्या तीन वाशांवर चोवीस. मार्चमध्ये, पावसाचा थेंब नसताना! वर माणूस चढवला तर तिथे छपरातल्या पाण्याच्या टाकीची नळी ठिबकत होती, कोण जाणे किती वर्षांपासून. रंगाची कंपनी, रंगारी, कौलं, माकडं, सगळे त्या कोपऱ्यापुरते निर्दोष सुटले.

नळी बदलली. ते तीन वासे सुकायला एप्रिल जाईल, रंग मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या वेळेत, पश्चिमेचं ऊन फळीवर येण्याआधी. आधी कापलेल्या टोकांना प्रायमर, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. बाकीचं छपराचं काम दिवाळीनंतर. म्हणजे यंदाच्या चवथीला अर्धं घर रंगवलेलं आणि अर्धं पोपड्यांचं असणार.

मी कुरकुरले तर दादा म्हणाला, "बाय, तू फोटो गणपतीचे काढ गो. वर बघू नको."