‘गरज असती तर बाजारानेच बांधलं असतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी

अन्नाची साठवण, वाहतूक आणि लहान किराणा दुकानं सुधारायला सरकारं अनुदान देतात. त्याविरुद्ध एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘खरंच गरज असती तर बाजाराने ही गोदामं कधीच बांधली असती. मोठ्या कंपन्यांचं जाळं पुरेसं आहे. दुकान जवळ आलं म्हणून कुणी चांगलं खायला लागत नाही. अनुदान संपलं की टाळं लागतं. त्यापेक्षा पैसे थेट लोकांच्या हातात द्या.’

यातल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, आणि ते मी मान्य करणार आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तो मान्य झाला तर ज्यांच्याकडे ना साठवायला जागा आहे ना जवळ दुकान, त्यांचंच नुकसान होईल.

‘गरज असती तर बाजाराने बांधलं असतं’ हा पहिला मुद्दा सगळ्यात दमदार वाटतो आणि सगळ्यात कच्चा आहे. शीतगृह बांधणाऱ्याला मिळतं फक्त भाडं. पण त्याच शीतगृहामुळे शेतकऱ्याला मिळेल त्या भावात माल विकून टाकावा लागत नाही, दुकानदाराचा माल सडत नाही, गिऱ्हाइकाला हंगाम सरल्यावरही परवडतं. हा फायदा शेकडो घरांत वाटला जातो, त्यामुळे तो भाड्याच्या पावतीवर कुठेच दिसत नाही. कर्ज देणारी बँक मात्र तीच पावती बघते. हंगाम सोडून उरलेले महिने जागा रिकामी राहणार हेही तिला दिसतं, आणि ती नाही म्हणते. त्यात भर म्हणजे एकमेकांत अडकलेली कोंडी. शीतगृह नाही म्हणून शीतवाहन कुणी घेत नाही आणि शीतवाहन नाही म्हणून शीतगृह कुणी बांधत नाही. गरज दोघांनाही असते, पण पहिलं पाऊल कुणाला परवडत नाही.

या अडून राहण्याची किंमत लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली मिळून एक अहवाल काढला. पुरेशी शीतव्यवस्था नसल्यामुळे २०१७ या एका वर्षात ५२.६ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे जगातल्या उत्पादनाचा १२ टक्के भाग, असं त्यात म्हटलं आहे.

शिवाय ज्या व्यवस्था आज बाजाराची कमाल म्हणून दाखवल्या जातात, त्यांचा पाया कुणी घातला तेही बघा. पॅरिसच्या मध्यवस्तीतला घाऊक बाजार १९६९ साली शहराबाहेर रुंजिसला हलवला तो फ्रेंच सरकारने. स्पेनमध्ये शहराशहरांत घाऊक बाजार उभे करायला १९६६ साली ‘मेर्कासा’ ही सरकारी कंपनी निघाली. भारतात १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लड या दुग्धविकास कार्यक्रमाचं भांडवलही दूध विकून जमलेलं नव्हतं. युरोपातून देणगी म्हणून आलेली दूध भुकटी आणि बटर ऑइल विकून ते उभं राहिलं, आणि त्यातून दूध थंड करणारी केंद्रं, टँकर, डेअऱ्या झाल्या. त्यानंतर तिथे धंदा वाढला. अशा ठिकाणी सार्वजनिक पैसा आधी येतो, बाजार मागून येतो.

‘मोठ्यांचं जाळं पुरेसं आहे.’ सगळं सुरळीत असताना ते पुरतं, हे खरं. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहरातला एक मांसप्रक्रिया कारखाना बंद पडला. अमेरिकेतल्या डुकराच्या मांसापैकी सुमारे चार-पाच टक्के तिथे तयार होत असे. असे मोठे कारखाने एकामागून एक थांबले तेव्हा वाढवलेली जनावरं न्यायला जागाच उरली नाही आणि पाळणाऱ्यांना ती मारून टाकावी लागली. दुसरीकडे दुकानांत मांसाचा तुटवडा होता. पर्यायी वाट आधीपासून नसेल तर अडचणीच्या आठवड्यात ती बांधता येत नाही. हाच धडा घेऊन अमेरिकेच्या कृषी विभागाने २०२३ साली ४२ कोटी डॉलरपर्यंतचा कार्यक्रम जाहीर केला. मांस-कोंबडीसाठी वेगळ्या योजना असल्याने ती त्यात नव्हती. शेत आणि दुकान यांच्या मधली कामं, म्हणजे माल गोळा करणं, प्रक्रिया, साठवण, वितरण, यांच्यासाठी हा पैसा होता. पायाभूत सुविधेच्या अनुदानात साधारणपणे निम्मा खर्च अर्जदाराने स्वतः घालायचा होता. याला खिरापत म्हणणं अन्यायाचं आहे.

दुकानाने खाणं बदलत नाही, हा मुद्दा मी मान्य करतो. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका वस्तीत नवं सुपरमार्केट आलं, त्यावरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. माल जवळ मिळतो असं लोकांना वाटू लागलं, पण फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण वाढलं नाही. २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार, गरीब कुटुंबांना श्रीमंत वस्तीतलाच माल त्याच भावात मिळाला तरी आहारातली दरी जेमतेम १० टक्क्यांनी कमी होईल. तेव्हा ‘दुकान उघडा, आजार पळतील’ असं आश्वासन देऊन अनुदान मागणारे चुकलेच, आणि हे त्यांना स्पष्ट सांगायला हवं. पण दुकानाचं काम माल जवळ आणणं हे आहे. ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याला पिशव्या उचलून दोन बस बदलाव्या लागतात, त्याचा वाचलेला अर्धा दिवस आणि भाडं कोणत्याही आहाराच्या तक्त्यात मोजलं जात नाही.

‘अनुदान संपलं की टाळं’ हेही काही ठिकाणी घडलं आहे. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये सार्वजनिक मदतीने २०१३ साली आलेलं सुपरमार्केट २०१९ मध्ये बंद झालं. उलट कॅन्ससमधल्या सेंट पॉल या छोट्या गावात १९८५ पासून दुकान नव्हतं. तिथे गावकऱ्यांच्या संस्थेने २००८ साली दुकान सुरू केलं आणि २०१३ साली ते नगरपालिकेने विकत घेतलं. दोन्हीकडे सार्वजनिक हात होता. म्हणून माझ्या मते ‘अनुदान द्यावं का’ एवढं विचारून भागत नाही. पैसा साखळीच्या कोणत्या दुव्यावर पडतो आणि रोजचा खर्च कोण उचलणार, हे विचारावं लागतं.

चुकीच्या दुव्यावर पैसा पडला की काय होतं, हे भारतातल्या शीतसाखळीच्या २०१५ च्या पाहणीत लख्ख दिसतं. मोठ्या शीतगृहांची क्षमता तेव्हा गरजेच्या जवळपास पोचली होती. पण माल निवडून, थंड करून पॅक करणारी पॅकहाउस हवी होती सुमारे ७० हजार आणि होती २४९. शीतवाहनं लागणार होती ६१ हजारांवर, प्रत्यक्षात दहा हजारही नव्हती. म्हणजे इमारती उभ्या राहिल्या, पण शेतापासून तिथवर माल थंड ठेवून नेणार कसा हे तसंच राहिलं. हे आकडे वाचून कुणी ‘अनुदान बंद करा’ म्हणालं तर मला वाईट वाटतं, कारण कुठे पैसा घालायचा ते त्यातच लिहिलेलं आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, पैसे थेट हातात देण्याचा. अवश्य द्या, मी त्याच्या विरोधात नाही. पण लहान दुकानदाराची अडचण वेगळी असते. घाऊक पुरवठादार किमान खरेदीची अट घालतो. ती पुरी झाली नाही तर एक तर भाव चढा लागतो, नाहीतर ट्रकच येत नाही. गिऱ्हाइकांच्या हातात चार पैसे जास्त आले म्हणून मोजक्या वस्तीच्या गावात ती अट पुरी होईलच असं नाही. नॉर्थ डकोटात पार्क रिव्हर, हूपल आणि एडिनबर्ग या तीन लहान गावांनी यावर सहकारी संस्था काढली. तिघांची मागणी एकत्र करून माल घ्यायचा आणि तिथून तिन्हीकडे पोचवायचा, अशी ती व्यवस्था आहे. तिला लागतात साठवणीची जागा, फ्रीजर आणि एक गाडी.